लेकरू विश्वासातून गेलं, आता आम्ही काय करावं?

निशिगंध | 11 जानेवारी

सलाम सगळ्यांना. वाचते इथं रोज, लिहायला आज पहिल्यांदा बसले. आम्ही नगरचे. मी शाळेत शिकवायचे, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मिस्टर आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, पंच कमिटीत होते. "होते" का लिहिलं ते पुढं सांगते.

मुलगा 29 वर्षांचा, नोकरीला हिंजवडीत. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, वाढलेलं पोरगं. सातवीत पेटी शिकला, दहावीनंतर दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) झालं, आणि पुण्याला जाईपर्यंत रविवारच्या उपासनेत पेटीवर तोच असायचा. ना. वा. टिळकांचं भजन लागलं की डोळे मिटून वाजवायचा, वहीकडे बघायचासुद्धा नाही.

या नाताळात 24 तारखेच्या रात्री घरी आला. सकाळी मी त्याच्या शर्टाला इस्त्री करून दाराला अडकवून ठेवला. उठला, शर्टाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मम्मी, मी नाही येणार. मी आता मानत नाही हे. दोन वर्षं झाली. तुला वाईट वाटू नये म्हणून येत होतो, पण आता ते तुला फसवल्यासारखं वाटतं." आवाज चढवला नाही, भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

मिस्टर खुर्चीवर बसून बूट घालत होते. नाडी बांधून झाली तरी वाकलेलेच राहिले. त्या दिवसापासून ते त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला. बायबलमधलं 1 तीमथ्य 3 काढून दाखवलं मला. ज्याला स्वतःचं घर नीट ठेवता येत नाही, तो देवाच्या मंडळीची काळजी काय घेणार?

मी रोज सकाळी सहाला त्याला एक वचन पाठवते. निळ्या खुणा होतात, उत्तर येत नाही. महिला मंडळात बायका विचारतात, "चिरंजीव दिसले नाहीत नाताळला?" मी म्हणते, सुट्टी नव्हती. म्हणजे आता मीही खोटं बोलायला लागले.

नीतिसूत्रे 22:6 सगळ्यांना पाठ आहे. मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही. मी दिलं होतं. मग माझं चुकलं कुठं? रात्री तीनला जाग येते आणि हाच हिशेब सुरू होतो.

सोलापूरची_लेक | 11 जानेवारी

ताई, वाचून डोळे भरले. आमच्याकडं धाकटी अशीच आहे. सांगण्यासारखं काही नाही माझ्याजवळ. आज रात्री तीनला मीही उठते आणि तुमच्या मुलाचं नाव घेते. नाव लिहू नका इथं, देवाला माहीत आहे.

निवृत्त_पाळक | 12 जानेवारी

प्रभूत प्रिय ताई, 38 वर्षं पाळकपण केलं. तुमच्यासारखे आईबाप दर महिन्याला दारी यायचे, आणि सुरुवातीच्या काळात मीही त्यांना हेच नीतिसूत्र तोंडावर फेकत होतो. त्याची मला लाज वाटते, म्हणून लिहितो.

नीतिसूत्र हे नीतिसूत्र आहे, करारनामा नाही. त्याच पुस्तकात उद्योगी माणसाचा हात श्रीमंत करतो असंही आहे. मग आपल्या गावातले राबून राबून गरीबच मेलेले लोक काय आळशी होते? शहाण्याने आयुष्य पाहून सांगितलेली ती गोष्ट आहे, बहुतेक वेळा खरी ठरणारी. देवाने सही करून दिलेला कागद म्हणून ते वचन वाचलं की आईच्या गळ्यात धोंडा बांधला जातो.

शमुवेल संदेष्ट्याचं बघा. त्याचा गुरू, याजक एली, याच्या मुलांबद्दल देव एलीला बोल लावतो, कारण त्याने त्यांना आवरलं नाही. शमुवेलाची मुलंही बिघडली, लाच खाऊ लागली (1 शमुवेल 8). पण तिथं शमुवेलाला दोष दिलेला एक शब्द सापडत नाही. दोन बाप, दोघांची मुलं वाईट, आणि पवित्र शास्त्र दोघांना एका मापाने मोजत नाही. यशयाच्या पहिल्याच अध्यायात तर देवच म्हणतो की मी मुलं वाढवली आणि ती माझ्यावर उलटली. त्याच्या संगोपनात काय उणं होतं?

मिस्टरांना माझा सलाम सांगा. राजीनाम्याबद्दल नंतर लिहितो, डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

खडकवाट | 12 जानेवारी

सगळे गोड बोलत आहेत, मला कडू बोलावं लागेल. विश्वास सोडणं ही साधी गोष्ट नाही, जिवाचा प्रश्न आहे. 2 योहान 10 वाचा. जो ख्रिस्ताची शिकवण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नका, सलामही करू नका. वडिलांनी बोलणं बंद केलं ते बरोबर केलं. मुलाला कळू दे की काय गमावलं. लाड केले तर तो कधीच फिरणार नाही.

निवृत्त_पाळक | 13 जानेवारी

@खडकवाट बंधू, तुमची कळकळ दिसते. पण ते पत्र कुणाबद्दल आहे ते पाहू. त्या काळी उपदेशक गावोगाव फिरत, मंडळीच्या घरात उतरत आणि तिथूनच शिकवत. खोटं शिकवणाऱ्याला आसरा दिला तर त्याच्या कामाला हातभार लागतो, म्हणून योहान बजावतो. सणाला घरी आलेल्या आणि खरं सांगून टाकलेल्या पोराबद्दल ते नाही. हा मुलगा कुणाला फितवायला आलेला नाही. फसवत राहणं नको म्हणून बोलला. मी तर म्हणेन, त्या खरेपणात आईबापांची शिकवण दिसते.

आता राजीनाम्याचं. तीमथ्याच्या पत्रात मुलांना ताब्यात ठेवण्याबद्दल आहे, म्हणजे घरात असलेल्या लहान मुलांबद्दल. तीत 1:6 मध्ये "विश्वास ठेवणारी मुलं" असं आपण वाचतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ "विश्वासू", म्हणजे सरळ वागणारी, असाही होतो आणि टीकाकारांत त्यावर जुना वाद आहे. 29 वर्षांच्या कमावत्या माणसाच्या मनाचा हिशेब साठीच्या बापाकडून मागायचा, हे पौलाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. यहेज्केल 18 तर उघड सांगतो की बापाने मुलाचा आणि मुलाने बापाचा दोष वाहायचा नाही.

बावखल | 15 जानेवारी

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडं 27 ऑगस्टला संत मोनिकाचा सण असतो आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या मुलाचा, संत ऑगस्टीनचा. आई आधी, मुलगा मागून. मिस्सेला अशाच आया येतात, मागच्या बाकांवर बसतात. माझी बायको गेली सहा वर्षं बसते. मुलगी आयर्लंडला नर्स आहे, आता कुठल्याच चर्चला जात नाही.

मोनिकाची गोष्ट लोक अर्धीच सांगतात: आई रडली, मुलगा संत झाला. मधली वर्षं गाळतात. ऑगस्टीनचा जन्म 354 चा, आताच्या अल्जीरियात. 19 व्या वर्षी तो मानी नावाच्या इराणी धर्मगुरूच्या पंथात शिरला आणि नऊ वर्षं त्यात राहिला. मोनिकाने सुरुवातीला काय केलं? त्याला आपल्या घरात, आपल्या पंगतीला घेईना! म्हणजे @खडकवाट म्हणतात तेच. मग तिला स्वप्न पडलं. ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे, आणि एक तेजस्वी तरुण तिला सांगतो, रडू नको, जिथं तू आहेस तिथं तोही असेल. बघते तर शेजारी मुलगा उभा. सकाळी तिने हे मुलाला सांगितलं. मुलगा वाक्चतुर, म्हणाला, याचा अर्थ तूच माझ्या पंथात येशील. ती तिथल्या तिथं म्हणाली, नाही, "तो जिथं आहे तिथं तू" असं नव्हतं, "तू जिथं आहेस तिथं तो" असं होतं. स्वप्नापेक्षा आईच्या या उत्तराचाच आपल्याला जास्त धक्का बसला, असं त्याने पुढं लिहून ठेवलं. आणि तेव्हापासून तिने त्याला पुन्हा पंगतीला घेतलं. बदलला तो नव्हता. बदलली होती ती.

मग ती एका बिशपकडं गेली की माझ्या मुलाशी वाद घाला, त्याचं डोकं ठिकाणावर आणा. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात होते आणि पुस्तकं वाचून वाचून आपणच बाहेर पडले होते. ते म्हणाले, आता नको, तो ऐकायचा नाही. राहू दे त्याला तिथं, तू फक्त प्रार्थना कर. ती उठेना, रडतच राहिली. शेवटी बिशप वैतागले आणि म्हणाले, जा बाई, एवढ्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. जगभर सांगतात ते हे वाक्य वैतागून निघालेलं आहे! मला त्यात फार दिलासा वाटतो. म्हणजे तीही आपल्यासारखीच होती, पिच्छा पुरवणारी.

383 मध्ये मुलाने तिला चकवलं. मित्राला निरोप द्यायला चाललो म्हणाला आणि रातोरात जहाजाने रोमला गेला. ती किनाऱ्याजवळच्या देवळात रात्रभर प्रार्थना करत होती, आणि सकाळी जहाज नव्हतं. 387 च्या पुनरुत्थान सणाला, म्हणजे ईस्टरला, मिलानमध्ये महागुरू अँब्रोज यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, वयाच्या 33 व्या वर्षी. त्याच वर्षी मोनिका वारली.

मोनिकाचं सगळंच बरोबर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या बाईबरोबर ऑगस्टीन वर्षानुवर्षं राहिला, जिच्यापासून त्याला मुलगा होता, तिला चांगल्या घरचं लग्न जमवण्यापायी परत आफ्रिकेला पाठवलं गेलं, आणि त्या लग्नासाठी खटपट मोनिकाचीच होती. त्या बाईचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. आयांनी हेही वाचावं.

कृष्णाकाठ | 17 जानेवारी

@बावखल, तुमच्या शेवटच्या ओळींनी मला लिहायला लावलं.

आम्ही मिरजेचे. मुलीने तिच्या ऑफिसातल्या मुलाशी नोंदणी लग्न केलं, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यात नोटीस 30 दिवस लावतात. मी गुपचूप त्या कार्यालयात तीनदा जाऊन आले. फलकावर तिचं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव, आमचा पत्ता. तिसऱ्या वेळी कागदाचा एक कोपरा सुटून वाऱ्याने हलत होता, तो मी अंगठ्याने दाबून बसवला. का, ते आजही सांगता येत नाही.

लग्नाला मात्र आम्ही गेलो नाही. पाळकांनी सांगितलं होतं, गेलात तर मान्यता दिल्यासारखं होईल. त्या दिवशी सकाळी मी परातभर तांदूळ घेऊन निवडत बसले. स्वच्छ होते, तरी निवडले. ती संध्याकाळी फोन करेल म्हणून वाट बघितली. केला नाही. का करावा तिने?

याला सात वर्षं झाली. नातू चार वर्षांचा आहे. आता जाणं-येणं आहे, जावई भला आहे, मला रेल्वेत बसवून द्यायला स्वतः येतो. पण त्या लग्नाच्या फोटोंत मी नाही, आणि आता कितीही मायेने वागले तरी असणार नाही. निशिगंध ताई, मिस्टरांना एवढंच सांगा. जी वेळ गेली ती गेली.

दूरदेशी | 20 जानेवारी

मी इथं आगंतुक आहे. मी तो मुलगा आहे. म्हणजे यांचा नव्हे, पण तसाच. माझे आजोबा पाळक होते. आता टोरांटोला असतो. विश्वास ठेवत नाही. परत येईन असं खोटं आश्वासन देणार नाही. तरी लिहितो, कारण माझी आईही कुठंतरी असंच लिहीत असेल.

बापाला कर्करोग झाला तेव्हा मी 22 वर्षांचा होतो. प्रार्थनेला आलेल्या एकाने माझ्यासमोर बाबांना सांगितलं, विश्वास कमी पडतोय. बाबा तीन आठवड्यांत गेले. शेवटच्या दिवसांत ते स्वतःचा विश्वास तपासत होते, आठवून आठवून पापं कबूल करत होते. त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. पण त्यानंतर ज्याला ज्याला प्रश्न विचारला, त्याने मला आधी "प्रार्थना कर" सांगितलं आणि मग टाळलं. मी एका दिवसात गेलो नाही. हळूहळू, एकेक दार बंद होत गेलं.

आईबापांना माझं म्हणणं एवढंच: तुमचं पोर का गेलं हे त्याला एकदा विचारा आणि मग पूर्ण ऐका. मध्ये वचन घालू नका. तुम्हाला उत्तर माहीत असेल तरी. माझ्या आईने आठ वर्षांनी विचारलं. दीड तास मी बोललो, ती फोनवर गप्प. शेवटी म्हणाली, "त्या माणसाला मी तेव्हाच घराबाहेर काढायला हवं होतं." मी टोरांटोतल्या बसस्टॉपवर उणे 15 मध्ये उभा राहून रडलो.

रोजची वचनं येतात ती उघडतो. वाचत नाही. पण आली नाहीत तर आईची तब्येत बरी नाही की काय, अशी काळजी लागते. म्हणून खुणा निळ्या होतात.

सोलापूरची_लेक | 20 जानेवारी

@दूरदेशी दादा, इथून जाऊ नका. आगंतुक कसले तुम्ही.

केडगाव_लाईन | 23 जानेवारी

एक वेगळी बाजू मांडतो. आपण मराठी ख्रिस्ती लोक कुणाची लेकरं आहोत? सोडून गेलेल्यांचीच! कवी ना. वा. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, आणि तोही कुणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. टिळकांनी त्यांना वेळ दिला, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

माझ्या पणजोबांनी 1899-1900 च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनी ते मेले असं धरून आंघोळ केली. त्यांच्या आईला बोलायची बंदी झाली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं: ती माउली शेतात जाताना फडक्यात दोन भाकरी जास्त बांधायची आणि बांधावरच्या बाभळीखाली ठेवून पुढं जायची. मागं वळून बघायची नाही. पणजोबा नंतर येऊन उचलायचे. पाच-सहा वर्षं हे चाललं. ती शेवटपर्यंत हिंदूच राहिली.

तिच्या दृष्टीने तिचं लेकरू बुडालं होतं. आपल्याला आज जी कळ येते, तीच तिला आली असणार. आणि तिने त्या कळीचं काय केलं, तर दोन भाकरी जास्त थापल्या. मी ख्रिस्ती आहे, माझा विश्वास पक्का आहे, आणि ही हिंदू बाई मला या बाबतीत गुरुस्थानी आहे.

निशिगंध | 2 फेब्रुवारी

सगळं मिस्टरांना वाचून दाखवलं. ते छताकडं बघत ऐकत होते. भाकरीचं आलं तेव्हा उठून मोरीत गेले, नळ बराच वेळ चालू होता.

मी सकाळची वचनं थांबवली. दूरदेशी दादा, तुमचं वाचून वाटलं, एकदम थांबवलं तर त्याला काळजी वाटेल. म्हणून सांगून थांबवली. लिहिलं, "बाळा, उद्यापासून वचन पाठवणार नाही. तब्येत चांगली आहे. माझी प्रार्थना चालूच आहे, ती थांबणार नाही." पहिल्या सकाळी सहाला हात फोनकडं गेलाच. मग दारातल्या शेवग्याला फुलं आली होती त्याचा फोटो काढून पाठवला. दुपारी नऊ शब्दांत का होईना, उत्तर आलं: "शेंगा आल्या की माझ्यासाठी ठेव. मेसवाल्याची आमटी पाण्यासारखी असते." मी ते किती वेळा वाचलं सांगत नाही.

महिला मंडळातही खरं सांगून टाकलं. भीती होती तसं काही झालं नाही. सभा संपल्यावर दोघीजणी चपला घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, आमचाही.

निवृत्त_पाळक | 3 फेब्रुवारी

मिस्टरांसाठी एक गोष्ट. लूक 15 मधल्या येशूच्या दाखल्यांत मेंढपाळ मेंढरामागं जातो, बाई दिवा लावून नाणं शोधते, पण घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या मागं दूर देशाला बाप जात नाही. मेंढरू चुकतं, नाणं पडतं, मुलगा स्वतःच्या पायांनी गेलेला असतो. बाप वाट बघतो, आणि दिसताच धावतो. हे आपण सगळे शिकवतो. पण त्याच दाखल्यात बाप दुसऱ्यांदाही घराबाहेर येतो, थोरल्यासाठी. थोरला अंगणात रुसून उभा आहे, आत धाकटा परतल्याच्या आनंदात गाणं-बजावणं चालू आहे, आणि यजमान पंगत सोडून बाहेर त्याच्याजवळ येतो. मी 38 वर्षांत त्या दुसऱ्या बाहेर येण्यावर फक्त एकदा उपदेश केला.

खडकवाट | 9 मार्च

दोन महिने लिहिलं नाही. माझा थोरला सहा वर्षं घरी आलेला नाही. मीच सांगितलं होतं, येऊ नको. 2 योहान मीच वाचून दाखवलं होतं त्याला, उभं करून. पाळक साहेब, तुमचं उत्तर बरोबर की माझं, हे मला अजून ठरवता येत नाही. पण त्याचा नंबर बदलला आहे का, हे त्याच्या मामाला विचारलं काल. तोच आहे म्हणाला.

कृष्णाकाठ | 9 मार्च

दादा, लावा फोन. काय बोलायचं ते ठरवत बसू नका. जेवलास का विचारा.

निशिगंध | 7 एप्रिल

परवा पुनरुत्थानाचा दिवस झाला. आमच्याकडं पहाटेची उपासना कबरस्तानात असते, साडेचारला निघावं लागतं. शनिवारी रात्री मुलगा आला, शेंगा न्यायला म्हणून. मी कशाचंच नाव काढलं नाही. पहाटे मी साडी नेसून बाहेर आले तर हा अंगणात स्कूटर पुसत होता. म्हणाला, "पप्पांना अंधारात गाडी चालवायला दिसत नाही आता. सोडतो तुम्हाला." आधी मला सोडलं, मग परत जाऊन त्यांना आणलं. नाताळनंतर दोघं पहिल्यांदा एवढे जवळ बसले असतील. बोलले नाहीत म्हणे.

आत तो आला नाही. फाटकाबाहेर चहाची गाडी असते, तिथं उभा राहिला. मला दिव्यांच्या उजेडात त्याची पाठ दिसत होती. पहिलं भजन सुरू झालं. पेटी नवीन मुलीकडं आहे, ती एका ठिकाणी दर वेळी चुकते. ती चुकली आणि तिकडं त्याची मान किंचित वळली.

उपदेश सुरू झाला. मिस्टर पुरुषांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत होते. चाळीस वर्षांत ते उपदेशातून उठल्याचं मी पाहिलं नाही. ते उठले. लोक बघायला लागले. कबरींमधून काठी टेकत फाटकाकडं गेले. मी डोळे मिटून घेतले, मग राहवेना, उघडले. दोघं शेजारी शेजारी उभे होते, हातात चहाचे ग्लास. उजाडेपर्यंत तसेच उभे होते. मिस्टरांचा एक हात त्याच्या खांद्यावर होता की स्कूटरच्या आरशावर, ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही.

काय बोलले ते मी विचारलेलं नाही. सोमवारी तो शेंगा घेऊन गेला. जाताना पप्पांना म्हणाला, "पोचलो की फोन करतो." आणि फोन त्यांच्याच मोबाइलवर आला.

सोलापूरची_लेक | 7 एप्रिल

ताई, मी अजून तीनला उठते. नाव घेणं चालू ठेवू ना?

निशिगंध | 7 एप्रिल

ठेवा. आणि @खडकवाट दादांच्या थोरल्याचंही घ्या.